पोस्टरवरची तुटकी भुवई

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी टोपी-पट्ट्याबरोबर जमा करून आलो. एक मात्र काही केल्या जमा होत नाही. भिंतीवर कुठं गाण्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर दिसलं, की ते पुन्हा समोर येऊन बसतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसं अजून त्याच गावात नांदताहेत, आणि माझ्या लिखाणाचा त्यांना ताप नको.

जालना जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. कौलारू इमारत, एक कोठडी, बोलण्यापेक्षा खरखरच जास्त करणारा वायरलेस, आणि एक जीप, जिला धक्का मारायला दोन शिपाई कायम राखून ठेवावे लागत. सकाळी हजेरी, मग डायरी, मग बाजाराचा बंदोबस्त. माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. आमची मंडळी म्हणायची, हे भाजीवालीचीसुद्धा उलटतपासणी घेतात. घेतो. त्यानं बिघडत काही नाही, भाजी मात्र ताजी मिळते.

एके दिवशी हसनाबादच्या बाजूचा एक शेतकरी ठाण्यात आला. अंगानं दणकट, बोलायला कमी. धाकटा भाऊ बरेच दिवस घरी आला नाही म्हणाला. हे बौद्ध कुटुंब, थोडी विहिरीची जमीन, बाप वारलेला. घरात आई, हा थोरला, त्याची बायको आणि बिनलग्नाचा धाकटा. धाकट्याला गाण्याचं वेड. भीमगीतांचा कार्यक्रम कुठंही असो, हा ढोलकी काखेत मारून हजर. हरवल्याची नोंद केली, वर्णन वायरलेसवर सोडलं. थोरला गेल्यावर हवालदाराला म्हणालो, जो स्वतःहून खबर द्यायला येतो, त्याच्याकडे आधी नीट बघून घ्यावं. हा नियम मला कुणी शिकवला नव्हता, मीच केला होता.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी त्यांची आई आली. डोक्यावर वांग्यांची पाटी होती, म्हणजे कुणी पाहिलं तर बाजाराला आली असं वाटावं. ठाण्याच्या दारातून न येता मागच्या बाजूनं आली आणि भिंतीला टेकून बसली. मी बाहेर गेलो. बराच वेळ ती वांग्यांवरची धूळ पुसत राहिली. मग सांगायला लागली. विहिरीवर दोघा भावांची भांडणं झाली, आवाज तिनं घरातून ऐकला. थोरला एकटाच घरी आला. हाताला रक्त होतं. अंगातला शर्ट काढून त्यानं कडब्याच्या गंजीत खोल खुपसला. ती कुडाच्या आड होती, तिनं पाहिलं.

"साहेब, त्याला सजा द्या, नका देऊ, तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "माझ्या धाकल्याची माती कुठं हाय तेवढी काढून द्या. अन् म्या सांगितलं हे थोरल्याला कळू देऊ नका. एक गेला. दुसरा जिता असून मला गेल्यावानी व्हईल."

मी शब्द दिला. खबऱ्याचं नाव न सांगणं हा तसाही पोलिसाचा धर्म.

पंचांना घेऊन गंजी उपसली. शर्ट निघाला, बाहीवर वाळलेलं रक्त होतं. विहिरीच्या काठावरच्या दगडावर डाग सापडले. विहीर उपसली तर तळाशी धाकट्याची ढोलकी मिळाली, धाकटा नाही. मी सरकारतर्फे फिर्याद दिली, खून आणि पुरावा नष्ट करणं ही कलमं लावली, आणि थोरल्याला अटक केली. डागांचा अहवाल आला: रक्त माणसाचं. गावात तोवर निकाल लागूनही गेला होता. भाऊबंद त्याच्या शेताच्या बांधाकडे आशेनं बघायला लागले होते.

कोठडीत माणसाला बोलतं करायची माझी पद्धत ठरलेली होती. गोष्ट शेपटाकडून विचारायची. खोटं बोलणारा पुढून मागं पाठ करून येतो, मागून पुढं सांगायला लावलं की त्याचा दोरा तुटतो. याला सगळ्या बाजूंनी विचारलं. कधी सकाळी, कधी जेवताना, कधी नुसता बसवून ठेवून. सांगणं एकच. धाकटा एका गायन पार्टीबरोबर कायमचा जायला निघाला होता. पेरणी तोंडावर, घरात दुसरा गडी नाही. थोरल्याचं डोकं फिरलं. त्यानं ढोलकी हिसकून विहिरीत भिरकावली. ढोलकीची लोखंडी कडी जाता जाता धाकट्याच्या उजव्या भुवईवर बसली. भुवई फाटली. थोरल्यानं हातानं दाबून धरली, तर धाकट्यानं त्याला ढकललं आणि तसाच रक्ताळलेला सडकेकडं निघून गेला. मी वायरलेसवर गायन पार्ट्यांची चौकशी केली, तर त्या नावाचा पोरगा कुठंच नाही असं उत्तर आलं.

"मग शर्ट का लपवला?" मी विचारलं.

"माय रगत बघून घाबरली असती."

मी हसलो. खुनाच्या आरोपीनं आईच्या काळजीनं शर्ट लपवला, हे मी उभ्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकत होतो. हवालदारही हसला. थोरला हसला नाही, आणि पुढं त्यानं उत्तरही बदललं नाही. माझा संशय उलट घट्ट झाला. इतका न हलणारा माणूस एकतर खरा असतो, नाहीतर फार पक्का, आणि खरे लोक आमच्याकडे कमीच येतात.

आई रोज भाकरी घेऊन यायची. त्यानं खाल्ली का, एवढंच विचारायची आणि माझ्याकडे बघायची. त्या नजरेत एकच प्रश्न असे: माती सापडली का? मी मान हलवायचो. पुढं थोरल्याची रवानगी जेलमध्ये झाली, तरी ती भाकरी बांधून एसटीनं जालन्याला जायची आणि परतताना ठाण्यावरून जायची.

दोषारोपपत्र तयार होत आलं होतं. प्रेत नव्हतं, पण रक्त होतं, भांडण होतं, लपवलेला शर्ट होता. वरून विचारणा सुरू झाली होती. आणि तेवढ्यात थोरल्याच्या बायकोचा भाऊ, जाफराबादकडचा, एक गुंडाळलेलं पोस्टर काखेत घेऊन ठाण्यात शिरला. "जय भीम साहेब," म्हणाला, आणि माझ्या टेबलावर ते उलगडलं.

कव्वालीच्या सामन्याचं पोस्टर होतं. वर नारिंगी, खाली खाली निळं होत गेलेलं. मधोमध गायकाचा मोठा चेहरा, बाजूला गायिका, आणि खालच्या रांगेत कोरसवाल्यांचे लहान लहान चेहरे. तळाला गाव आणि वेळ लिहायला कोरी पट्टी सोडलेली. एकच पोस्टर हंगामभर चालावं म्हणून तशी सोडायचीच रीत होती. कोरसमधल्या डावीकडच्या चेहऱ्यावर त्यानं बोट ठेवलं. म्हणाला, हा बघा धाकटा, जाफराबादच्या स्टँडवर लागल्तं, वलं करून काढून आणलं, पोरगं जितं हाय.

हरवल्याच्या फाईलमध्ये धाकट्याचा फोटो होता. लावून बघितला. नाक सारखं, हनुवटी सारखी. पण ते चेहरे म्हणजे काळ्या रंगाचे ठिपके आणि पट्टे, त्यात माझासुद्धा चेहरा दिसला असता. आणि आणणारा कोण, तर आरोपीचा मेव्हणा. उंदराला मांजर साक्ष. डाळीत काहीतरी काळं आहे अशी माझी खात्रीच झाली. वकिलानं सुचवलं असेल, चार पैसे टाकून एखाद्या प्रेसवाल्याकडून चेहरा घालून घेतला असेल. त्याला तिथंच बसवून ठेवला आणि पोस्टरच्या कोपऱ्यात छापलेला पत्ता वाचला. जालन्याचा स्क्रीन प्रिंटर होता.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत जालन्याला गेलो. जुन्या बाजारपेठेच्या मागं पत्र्याची खोली. आत दोऱ्या बांधून त्यावर ओले कागद वाळत घातलेले, थिनरचा वास डोक्यात जाणारा. प्रिंटर पन्नाशीचा, बनियनवर, कोपरापर्यंत निळा. लाकडी चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीवर रंग ओतून तो रबराची पट्टी ओढत होता. प्रत्येक ओढीला खालच्या कागदावर एक पोस्टर तयार. ओळख सांगितल्यावर त्यानं पट्टी खाली ठेवली.

तो खूप गोड बोलायला लागला, आणि गोड बोलणाऱ्यावर माझा विश्वास आधीच कमी. कोरसचे चेहरे म्हणे बरेचदा जुन्याच चौकटीवरचे असतात. गायक बदलतो, कोरस तोच राहतो, लोक कुठं बघतात. हा चेहरा नवीन की जुना? आठवत नाही. फोटो? पार्टीच्या मॅनेजरनं परत नेला. चौकट? धुतली, तिच्यावर आता लग्नाच्या पत्रिका चालल्यात. मॅनेजर कुठं? फिरतीवर, विदर्भात कुठंतरी. म्हणजे बघा, प्रत्येक दार लावून घेतलेलं. जुना चेहरा असेल तर पोस्टर कवडीमोलाचं, कारण भांडणाच्या आधीही धाकटा त्या पार्टीबरोबर एखाद-दुसऱ्या कार्यक्रमाला गेला होता.

मी आवाज चढवला. खुनाच्या गुन्ह्यात पुरावा बनवून देणारा कुठं जातो, ते त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. त्यानं निळे हात चिंधीला पुसले. मग तो म्हणाला, साहेब, ड्रॉइंगच्या सरांकडं या पोस्टरचा पहिला हात असंल, तो बघा, माझ्यापाशी दुसरं काही न्हाई.

पहिला हात म्हणजे काय, ते मला सरांच्या घरी कळलं. हे जालन्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. एकटा जीव, दोन खोल्या, त्यातली एक पोस्टरांनी भरलेली. कव्वाली, भीमगीतं, ऑर्केस्ट्रा, सगळी मराठवाड्यातल्या भिंतींवरून ओळखीची. पण इथं ती आडवी ठेवलेली, मध्ये पातळ कागद, कडुनिंबाचा पाला. भिंतीवर लावायचा कागद हा माणूस भिंतीपासून वाचवून ठेवत होता. असल्या माणसाचा मला फार संशय येतो. मी विचारलं, कशासाठी जमवता? विकता? ते म्हणाले, आधी हात धुऊन या.

धुतले. काय करता, त्यांच्या घरी होतो.

मग त्यांनी एकेक कागद समोर ठेवला. मशीनवर छापलेले हजार कागद सारखे असतात, हातानं ओढलेले दोनसुद्धा सारखे नसतात, म्हणाले. नारिंगी आणि निळा एकाच चौकटीत शेजारी ओतून एकाच ओढीत मिसळायचे. ओढता ओढता मिसळण बदलत जाते, म्हणून प्रत्येक पोस्टरवरचं आभाळ वेगळं. एका गायिकेच्या पदराची नक्षी प्रिंटरनं आपल्या बायकोच्या पोलक्याची खरी लेस काचेखाली ठेवून, उन्हात धरून उतरवली होती. सर नको नको म्हणत असताना मी त्यावरून बोट फिरवलं. रंगाचा थर बोटाला लागत होता. खरं सांगतो, ते सुंदर होतं. भिंतीवर चिकटवलेलं असताना मी त्यावर कधी नजर टाकली नव्हती, टाकली असली तर परवानगीचा शिक्का आहे का ते बघायला.

आभाळाची ती एक सोडली तर प्रत्येक रंगाची चौकट वेगळी, काळा सगळ्यात शेवटी, आणि चेहरा काळ्यात उघडतो. काळ्याची पहिली दोन-चार पोस्टरं निघाली, की पार्टीचा माणूस चुका काढतो आणि प्रिंटर चौकटीवर ब्लेड चालवून दुरुस्ती करतो. सर नेमकी ती दुरुस्तीच्या आधीची मागून घेत. त्यांचं म्हणणं, कारागिराचा हात त्यात असतो, पुढच्यात मॅनेजरची हौस. त्या बदल्यात ते प्रिंटरला अक्षरं काढून देत.

त्यांनी आमचं पोस्टर काढलं. मी माझं उलगडलं. दोन्ही शेजारी ठेवली. तेच आभाळ, तीच रांग. डावीकडच्या कोरसवाल्यावर माझी नजर थांबली. माझ्या पोस्टरवर त्याची उजवी भुवई अखंड होती. सरांच्या पोस्टरवर ती मधोमध तुटलेली होती, आणि फटीतून खालचा नारिंगी दिसत होता.

सर म्हणाले, हां, यावर तर मॅनेजर ओरडला होता, मी तिथंच होतो. पोस्टरवर कोरससुद्धा देखणा पाहिजे, अर्ध्या भुवईचा कोण बघंल, म्हणाला. प्रिंटरनं चौकटीवरची तेवढी बुजलेली जाळी ब्लेडच्या टोकानं मोकळी केली, तिथूनही काळा उतरला आणि भुवई सलग झाली. त्याला वाटलं, चौकटीवर चेहरा उतरवताना आपलीच चूक झाली.

मी खुर्चीत बसलो. माझा संशय मात्र बसला नाही, तो उभाच. ही फट नंतर खरवडली असेल तर? कागद खिडकीपाशी नेला, भिंग मागितलं. काळा थर खरवडला असता तर खालचा नारिंगीही ओरखडला असता. तो गुळगुळीत होता. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. मेव्हण्यानं आणि प्रिंटरनं मिळून हा पुरावा बनवला असता, तर तुटकी भुवई त्यांनी ठळक केली असती. इथं तर ती बुजवली होती, आणि मेव्हणा बिचारा बुजवलेलंच पोस्टर घेऊन माझ्याकडं आला होता. खोटा पुरावा करणारा खूण पुसत नाही. भुवईची गोष्ट थोरल्यानं फक्त कोठडीत सांगितली होती, आणि ती मी आणि हवालदारानं हसण्यावारी नेली होती.

एकच गोष्ट उरली होती. ही खूण जुनी असली तर? फाईलमधल्या फोटोत केस कपाळावर आलेले, भुवया नीट दिसत नव्हत्या. परतताना जीप सरळ त्यांच्या गावात नेली. आई दारात ज्वारी पाखडत होती. मी कशासाठी विचारतो ते न सांगता विचारलं, धाकट्याच्या भुवईवर आधीची काही खूण, व्रण होता का? तिच्या हातातलं सूप थांबलं. तिला वाटलं, प्रेत सापडलं आणि मी ओळख पटवतोय.

"न्हाई साहेब," ती हळू म्हणाली. "भरून व्हत्या. दोन्ही भरून व्हत्या. कोन्त्या हिरीत सापडला?"

मला तिला सांगता आलं नाही, अजून खात्री नव्हती. एवढंच म्हणालो, मावशी, विहिरीत नाही, थोडं थांबा. असं थांबा म्हणणं म्हणजे माणसाला फासावर नुसतं धरून ठेवणं, पण खोटी आशा त्याहून वाईट.

पुढचं काम साधं होतं. प्रिंटरकडून मॅनेजरचं नाव, त्यावरून पार्टीचे ठरलेले कार्यक्रम, वायरलेस, आणि बुलढाण्याच्या हद्दीतल्या एका गावची शाळा. पार्टी तिथं उतरली होती. दुपारची वेळ, कुणी दाढी करत होतं, कुणी बाजाच्या पट्ट्या पुसत होतं. व्हरांड्यात एक पोरगा नवी ढोलकी आवळत बसला होता. वर बघितलं. उजवी भुवई मधून तुटलेली.

मी विचारलं, घरी का कळवलं नाहीस? तो गुर्मीत होता. भावानं ढोलकी हिरीत टाकली, मंग कळवायचं कुणाला, म्हणाला. नाव बदलून गात होता. भाऊ खुनाच्या गुन्ह्यात आत आहे हे त्याला खरंच माहीत नव्हतं. सांगितल्यावर आधी हसला, त्याला वाटलं मी धमकावतोय. मग मी जेलचं नाव घेतलं, तेव्हा त्याच्या हातातली दोरी सुटली. जीपमध्ये तो जालन्यापर्यंत रडत होता. मी रडू दिलं. थोडं रडायला पाहिजेच होतं त्यानं.

पंचांसमोर ओळख, जबाब, फोटो. कलम १६९ प्रमाणे कोर्टात अहवाल दिला, माणूस जिवंत आहे, आरोपीला सोडावं. वरिष्ठांनी खूप ऐकवलं, ते मी ऐकून घेतलं. सुटल्यावर थोरला ठाण्यात आला, जप्तीतल्या वस्तूंवर सही करायला. आई आणि धाकटा बाहेर लिंबाखाली उभे होते. आई धाकट्याच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती आणि दाराकडं बघत होती, थोरला कधी बाहेर येतो म्हणून. मधूनच ती माझ्याकडंही बघत होती, आणि नजरेतला प्रश्न आता वेगळा होता.

थोरल्यानं सही केली. शर्ट घ्यायचा नाही म्हणाला, जाळून टाका. मला वाटलं, आता हा विचारणार. आमच्याकडून सुटणारा प्रत्येक माणूस जाताना तेच विचारतो: माझं नाव कुणी सांगितलं? मी उत्तर तयारच ठेवलं होतं, की पोलीस खबऱ्याचं नाव सांगत नसतात.

त्यानं विचारलं नाही. दाराशी जाऊन परत फिरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, शर्ट खुपसताना कुडाच्या आडून बांगड्या वाजल्या व्हत्या. तवापासून मला ठाव हाय. पर मला ठाव हाय, हे मायला कळू देऊ नका. झुरून मरंल ती."

मी टेबलावरचे कागद उगाच नीट केले. हा माणूस माझ्या प्रश्नांना पुढून, मागून, कसंही तेच उत्तर देत राहिला, पण ही एक गोष्ट त्यानं माझ्यापासून पूर्ण लपवली होती. रोज ती भाकरी आणायची, आणि हा ती खायचा.

लोक मला विचारतात, एवढ्या नोकरीत शिकलात काय? एक शिकलो. संशय घेणं हा माझा धंदा होता, त्याचा मला पगार मिळायचा आणि मी तो घेतल्याबद्दल आजही कुणाची माफी मागत नाही. संशयानंच तो कागद खिडकीपाशी नेला. पण पोलिसाचा संशय कोर्टाच्या एका कागदानं मिटतो. घरातल्या माणसाचा संशय मिटवायला कोर्ट नसतं, तो कुणीतरी गिळावा लागतो. त्या घरात तो थोरल्यानं गिळला.

पुढच्या बाजारी आई पुन्हा आली, या वेळी समोरच्या दारानं. पाटीतली वांगी माझ्या टेबलावर ठेवली. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. हवालदार बाहेर जाईपर्यंत थांबली, मग विचारलं, "साहेब, थोरल्याला कळलं तर न्हाई ना?"

"न्हाई मावशी," मी म्हणालो. "बिलकुल न्हाई."

तिनं डोळे पुसले, पाटी उचलली आणि बाजाराकडं निघाली. शपथेवर मी कधी खोटं बोललो नाही. आणि हे खोटं, उद्या शपथेवर विचारलं तरी, मी पुन्हा बोलेन.